पिल्लाने खाऊ अख्खा गिळला, तर? : रेशीम उत्पादकांच्या अंगणातील एक छोटी आणीबाणी

रेशीम शेती करणाऱ्या कुटुंबाच्या अंगणात कुत्रे हा हक्काचा सदस्य असतो. संगोपनगृहाभोवती फिरणारे उंदीर, घुशी, सरडे आणि मांजरे यांना तो दूर ठेवतो. रात्री तुतीच्या बागेची राखण करतो. जुने कुत्रे थकले की त्याच्या जागी पिल्लू आणले जाते आणि घरातील मुले त्याला काहीबाही भरवू लागतात. म्हैसूर, चामराजनगर, कोल्लेगाल या रेशीमपट्ट्यात जे दृश्य दिसते, तेच आज जालना, बीड, सोलापूर येथील रेशीम उत्पादकांच्या शेतावरही दिसते. या दोन प्रदेशांचे नाते तसे जुनेच आहे. म्हैसूरच्या केंद्रीय रेशीम संशोधन व प्रशिक्षण संस्थेने विकसित केलेला व्ही-१ हा तुतीचा वाण महाराष्ट्रातील बहुसंख्य बागांत उभा आहे आणि जालन्यात कोष बाजार सुरू होण्यापूर्वी इथले कोष विक्रीसाठी कर्नाटकातील रामनगरच्या बाजारात जात असत.

या अंगणात वारंवार घडणारा एक प्रसंग आहे. कोणी पिल्लापुढे बिस्कीट, चघळायची कांडी किंवा वाळवलेला रेशमी प्युपा धरतो. पिल्लू तो न चावता एका घोटात गिळते. आणि घरातील सर्वांची धांदल उडते. कोणी घशात बोट घालतो, कोणी मिठाचे पाणी पाजतो, कोणी केळे भरवतो. बहुतेक वेळा मूळ खाऊपेक्षा हे उपायच अधिक अपाय करतात. उलट, ज्या थोड्या प्रसंगी खरोखर घाई करायला हवी, तेथे ‘जाईल निघून’ म्हणून दिवस काढले जातात. या दोन्ही चुका टाळण्यासाठी तीन प्रश्न पुरेसे आहेत : श्वास चालू आहे का? वस्तू अन्ननलिकेत अडकली आहे का? आणि नेमके काय गिळले आहे? हे प्रश्न याच क्रमाने विचारावेत.

पिल्लू न चावता का गिळते?

कुत्र्याचा जबडा गाय-म्हशीसारखा आडवा फिरत नाही. त्याच्या दाढा कात्रीसारख्या वर-खाली चालतात. त्या अन्न कापतात, दळत नाहीत. मांसाचा तुकडा गिळता येईल एवढा झाला की गिळून टाकणे, ही त्याची नैसर्गिक रीत आहे. पिल्लाला तर दुधाचे २८ दातच असतात. मागच्या खऱ्या दाढा त्यात नसतात. कायमचे ४२ दात येण्यास साधारण सहा ते सात महिने लागतात. शिवाय भावंडांबरोबर एकाच ताटलीत वाढलेल्या पिल्लाला ‘जो आधी गिळेल त्याचे पोट भरेल’ हा धडा पहिल्या काही आठवड्यांतच मिळालेला असतो. त्यामुळे मऊ, लहान खाऊ अख्खा गिळणे हा आजार नाही. जठरातील तीव्र आम्ल असा खाऊ काही तासांत मऊ करते आणि तो पुढे सरकतो.

पहिला प्रश्न : श्वास चालू आहे का?

पिल्लू जोरजोरात खोकत असेल, त्याचा आवाज निघत असेल, तर हवा आत-बाहेर जात आहे. अशा वेळी त्याला खोकू द्यावे. खोकला हाच सर्वांत परिणामकारक उपाय असतो. जवळ थांबून लक्ष ठेवावे. पाठीवर थापट्या मारणे किंवा तोंड ओढून उघडणे टाळावे.

श्वासनलिका बंद झाल्याची लक्षणे वेगळी असतात. आवाज बंद होतो, पिल्लू पंजांनी तोंड ओरबाडते, मान ताणते, छाती हलते पण हवा जात नाही, हिरड्या व जीभ निळसर होतात आणि लवकरच ते कोसळते. येथे दवाखाना गाठण्याएवढाही वेळ नसतो. पुढील कृती जागेवरच करावी :

१. तोंड उघडून पाहावे. वस्तू स्पष्ट दिसत असेल आणि चिमटीत पकडता येत असेल, तरच काढावी. न दिसणाऱ्या वस्तूसाठी बोट फिरवू नये. ती आणखी खोल सरकते.

२. पिल्लाचे डोके खाली राहील असे धरून, दोन्ही खांद्यांच्या मध्ये सपाट तळहाताने पाच ठाम थापा द्याव्यात.

३. वस्तू न निघाल्यास पिल्लाची पाठ आपल्या छातीशी टेकवून, फासळ्यांच्या लगेच खालच्या मऊ भागावर मूठ ठेवून आत आणि वरच्या दिशेने पाच झटके द्यावेत. लहान पिल्लास दोन बोटांचा जोरही पुरतो. प्रत्येक फेरीनंतर तोंड पुन्हा पाहावे.

४. पिल्लू बेशुद्ध होऊन श्वास थांबल्यास त्याला आडवे करून छाती दाबण्यास प्रारंभ करावा. छातीच्या जाडीच्या एक-तृतीयांश ते निम्म्यापर्यंत, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाब द्यावा. दर ३० दाबांनंतर तोंड मिटून धरून नाकातून दोन हलके श्वास द्यावेत. हे वाहनात, दवाखान्याच्या वाटेवरही चालू ठेवावे.

वस्तू निघून पिल्लू सावरले, तरी त्याच दिवशी पशुवैद्यकास दाखवावे. घशाला सूज येणे, फुप्फुसात कण जाणे किंवा झटक्यांमुळे आतील अवयवांस इजा होणे हे परिणाम काही तासांनी दिसतात.

दुसरा प्रश्न : वस्तू अन्ननलिकेत अडकली आहे का?

श्वास चालू आहे, पण पिल्लू अस्वस्थ आहे, ही अवस्था सर्वाधिक फसवी असते. कुत्र्याच्या अन्ननलिकेत वस्तू अडकण्याच्या जागा ठरलेल्या आहेत : छातीत शिरतानाचा भाग, हृदयाच्या पायथ्याजवळचा भाग आणि मध्यपटलाच्या अगदी अलीकडचा भाग. येथे अडकलेली कठीण कांडी किंवा हाड नलिकेच्या भिंतीवर सतत दाब देते. दाबाखालील ऊतीचा रक्तपुरवठा तुटतो आणि काही तासांतच तेथे जखम होऊ लागते. जखम भिंतीच्या आरपार गेल्यास छातीत संसर्ग पसरतो. म्हणून अशी वस्तू त्याच दिवशी काढणे आवश्यक ठरते.

सतत लाळ गळणे, पुन्हापुन्हा गिळल्यासारखे करणे, मान पुढे ताणून उभे राहणे आणि पाणी किंवा अन्न घेताच ते जसेच्या तसे बाहेर येणे, ही याची लक्षणे होत. उलटी आणि हे ‘परत येणे’ यांतील फरक लक्षात ठेवावा. उलटीत पोट आकुंचते आणि पिवळसर, अर्धपचलेले पदार्थ पडतात. येथे मात्र पोटाला हिसका न बसता न पचलेले अन्न बाहेर घरंगळते. असे दिसल्यास ‘खाली ढकलण्यासाठी’ भाकरी, केळे, तूप किंवा तेल देऊ नये. तोंडावाटे काहीही न देता पशुवैद्यकाकडे न्यावे. दुर्बिणीने वस्तू काढण्याची सोय मोठ्या शहरांतील केंद्रांतच असते. त्यामुळे खेड्यातील पशुपालकाने तास न घालवता निघणे महत्त्वाचे.

तिसरा प्रश्न : नेमके काय गिळले?

श्वास सुरळीत आहे, लाळ गळत नाही आणि पिल्लू शेपटी हलवत आणखी मागत आहे, असे असेल तर खाऊ जठरात पोहोचला आहे. आता पुढचे सारे त्या वस्तूच्या स्वरूपावर अवलंबून असते.

*विरघळणारे :* साधे बिस्कीट, मऊ खाऊ, पोळीचा तुकडा. काही करण्याची गरज नाही. थोडे पाणी ठेवावे आणि लक्ष असू द्यावे.

*वाळवलेला प्युपा :* कोषातून धागा उकलल्यानंतर उरणारा रेशीमकिड्याचा प्युपा हा रेशीम उद्योगाचा मोठा उपपदार्थ आहे. एक किलो कच्च्या रेशमामागे सुमारे दोन किलो कोरडा प्युपा मिळतो. त्यात निम्म्याच्या आसपास प्रथिने आणि पाव ते एक-तृतीयांश स्निग्धांश असतो. म्हणूनच कोंबड्या, मासे आणि आता कुत्र्यांच्या खाऊतही त्याचा वापर होऊ लागला आहे. प्युपा साधारण अडीच-तीन सेंटिमीटर लांब, गुळगुळीत व ठिसूळ असतो. अख्खा गिळला तरी तो सहसा अडकत नाही. त्याचे बाह्य कवच कायटिनचे असते आणि ते पचवणारे विकर कुत्र्याच्या जठरात फारच कमी असते. त्यामुळे दुसऱ्या दिवशी विष्ठेत तपकिरी टरफले दिसल्यास घाबरू नये. अतिशय लहान जातीच्या किंवा दोन महिन्यांच्या पिल्लास मात्र तो कुस्करूनच द्यावा. कताई केंद्रावरून आणलेला ओला, वास मारणारा प्युपा देऊ नये. त्यातील स्निग्धांश लवकर खवट होतो आणि हगवण लागते.

*कोष आणि रेशीमधागा :* हा प्रकार प्युपापेक्षा पूर्णपणे निराळा आहे आणि रेशीम उत्पादकांनी तो विशेष ध्यानात ठेवावा. दुबार संकरित कोषात सुमारे ९०० ते १,२०० मीटर लांबीचा अखंड धागा असतो. रेशीम हेही प्रथिनच असले, तरी त्याची रचना इतकी घट्ट असते की पाचक रस त्यावर सहजासहजी चालत नाहीत. शस्त्रक्रियेत टाके घालण्यासाठी रेशीमधागा पिढ्यान्‌पिढ्या वापरला गेला, तो शरीरात लवकर विरघळत नाही म्हणूनच. अख्खा कोष लहान पिल्लाच्या आतड्यात अडथळा निर्माण करू शकतो. चंद्रिकेवरून काढलेल्या लोकरीसारख्या रेशमाच्या गुंत्याचा किंवा सुट्या धाग्याचा धोका त्याहूनही मोठा. धाग्याचे एक टोक जिभेखाली किंवा जठराच्या तोंडाशी अडकले आणि दुसरे आतड्यात उतरले, तर पायजम्याच्या नाडीवर नेफा चुणला जावा तसे आतडे त्या धाग्यावर गोळा होते. आतड्याची प्रत्येक हालचाल त्या ताणलेल्या धाग्याला करवतीसारखे चालवते आणि भिंत कापली जाते. पिल्लाच्या तोंडातून किंवा गुदद्वारातून धागा लोंबताना दिसल्यास तो कदापि ओढू नये आणि कापूही नये. तसेच दवाखान्यात न्यावे. साध्या क्ष-किरण चित्रात रेशीम दिसत नाही. म्हणून ‘धागा किंवा कोष खाल्ला असावा’ हे पशुवैद्यकास आपणहून सांगणे अत्यावश्यक आहे.

*फुगणारे व न विरघळणारे :* कातडीच्या चघळायच्या कांड्या ओलाव्याने फुगतात आणि सावकाश मऊ होतात. मोठा तुकडा अख्खा गेल्यास लक्षणांची वाट न पाहता त्याच दिवशी पशुवैद्यकाचा सल्ला घ्यावा. मक्याचे दाणे काढलेले कणीस, आंब्याची कोय, शिजवलेले हाड यांबाबतही हेच. कणीस हा तर शेतावरील कुत्र्यांच्या आतड्यातील अडथळ्याचा नेहमीचा अपराधी आहे. ते पचत नाही आणि पिल्लाच्या आतड्याच्या मानाने जाड असते.

वाट पाहायची, तर कशी?

पशुवैद्यकाने घरी निरीक्षण करण्यास सांगितल्यास पुढील ७२ तासांची नोंद ठेवावी. खाणे, पाणी, उलटी, विष्ठा आणि उत्साह या पाच बाबी सकाळ-संध्याकाळ लिहाव्यात. विष्ठा काडीने पसरून गिळलेली वस्तू बाहेर पडली का, ते पाहावे. आहार नेहमीचाच, पण थोडा-थोडा आणि मऊ असावा. तीन महिन्यांखालील पिल्लास उपाशी ठेवू नये. त्याच्या रक्तातील साखर लवकर घसरते. वारंवार उलटी, खाण्यास नकार, पोटाला हात लावताच कण्हणे, पुढचे पाय पसरून मागचा भाग वर ठेवून बसणे, विष्ठा बंद होणे किंवा सुस्ती यांपैकी एकही लक्षण दिसल्यास निरीक्षण संपले, असे समजावे आणि तडक दवाखाना गाठावा. अडथळा आलेल्या आतड्याचा रक्तपुरवठा थांबला, तर कुजलेला भाग कापून काढावा लागतो. लवकर पोहोचलेल्या पिल्लावर ती वेळ बहुधा येत नाही.

घरगुती उपाय जे करू नयेत

मिठाचे पाणी पाजून उलटी करवणे हा सर्वांत प्रचलित आणि सर्वांत घातक उपाय होय. उलटी न झाल्यास ते मीठ रक्तात जाते, सोडिअमची पातळी धोकादायक वाढते आणि पिल्लाला झटके येऊ शकतात. हायड्रोजन पेरॉक्साइड जठराच्या अस्तरास जाळते. तेल किंवा तूप बळेच पाजल्यास ते फुप्फुसात उतरते. टोकदार किंवा मोठी वस्तू उलटीवाटे परत येताना अन्ननलिकेत अडकण्याचाही धोका असतो. उलटी करवावी की नाही, हा निर्णय पशुवैद्यकाचाच असावा. तिचा उपयोग साधारण पहिल्या दोन तासांतच होतो. म्हणून घरी प्रयोग करण्यात गेलेला वेळ दुहेरी नुकसान करतो.

खाऊ नव्हे, आमिष

कृषी कीटकशास्त्राच्या दृष्टीने या विषयाची सर्वांत गंभीर बाजू येथे आहे. शेतावर पिल्लाने ‘काहीतरी गोड’ गिळले असे कळते, तेव्हा ते कीड किंवा उंदीर मारण्यासाठी ठेवलेले आमिष असू शकते. आमिष बनवतानाच ते खाऊसारखे लागेल असे बनवलेले असते.

अमेरिकन लष्करी अळी भारतात प्रथम मे २०१८ मध्ये कर्नाटकातील शिवमोग्गा जिल्ह्यात आढळली. तिच्यासाठी १० किलो भाताचा कोंडा व २ किलो गूळ पाण्यात भिजवून २४ तास आंबवतात आणि वापरण्याआधी त्यात १०० ग्रॅम थायोडीकार्ब मिसळतात. गुळाच्या वासाचे हे मिश्रण घमेल्यात उघडे राहिल्यास पिल्लू त्यावर ताव मारते. हे कार्बामेट गटातील कीटकनाशक आहे. भरपूर लाळ, अश्रू, हगवण, स्नायूंची थरथर आणि बारीक झालेल्या बाहुल्या ही त्याची लक्षणे थोड्याच वेळात दिसतात. त्यावर ॲट्रोपिनचा उपचार आहे, परंतु तो पशुवैद्यकाच्याच हातून व्हावा.

झिंक फॉस्फाइडयुक्त उंदीरनाशक आमिष जठरातील आम्लाशी संयोग पावून फॉस्फिन वायू सोडते. लक्षणे बहुधा पंधरा मिनिटांपासून चार तासांत दिसतात. अशा पिल्लास अन्न देऊ नये. अन्नामुळे आम्ल वाढते आणि वायूही. त्याच्या उलटीतून निघणारा लसणासारखा किंवा कुजक्या मासळीसारखा वास माणसासही विषारी असतो, म्हणून वाहनाच्या काचा उघड्या ठेवाव्यात. ब्रोमॅडिओलोनच्या वड्या मात्र वेगळ्या रीतीने फसवतात. पिल्लू तीन ते पाच दिवस अगदी ठणठणीत दिसते आणि मग हिरड्यांतून, नाकातून किंवा शरीराच्या आत रक्तस्राव सुरू होतो. ‘काही झाले नाही’ म्हणून गप्प न बसता खाल्ल्याच दिवशी जीवनसत्त्व के-१ चा उपचार सुरू झाल्यास जीव वाचतो.

विषाची शंका असल्यास लक्षणांची वाट पाहू नये. डब्याचे किंवा पुडीचे वेष्टन सोबत न्यावे. त्यावरील घटकाचे नाव हीच उपचाराची दिशा असते.

पशुवैद्यकास काय सांगावे?

पाच गोष्टी आधीच फोनवर सांगाव्यात : पिल्लाचे वय व अंदाजे वजन, काय गिळले व केवढे, किती वाजता, आता कोणती लक्षणे आहेत, आणि घरी काय पाजले. शेवटची गोष्ट संकोचाने लपवू नये. तशाच दुसऱ्या खाऊचा नमुना सोबत न्यावा. फिरत्या पशुवैद्यकीय पथकांसाठी १९६२ हा निःशुल्क क्रमांक आहे. ही पथके मुख्यतः पशुधनासाठी असली, तरी जवळच्या दवाखान्याची चौकशी तेथे करता येते. जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना कोणता, तो किती वाजेपर्यंत उघडा असतो आणि रात्री कोठे जायचे, याची चिठ्ठी संगोपनगृहाच्या दारामागे चिकटवून ठेवावी.

प्रतिबंध : संगोपनगृहापासून ताटलीपर्यंत

• मऊ खाऊ वाटाण्याएवढा करून द्यावा. चघळायची वस्तू मात्र पिल्लाच्या थोबाडाहून लांब असावी आणि झिजून लहान झाली की काढून घ्यावी.

• दोन पिल्लांना शेजारी-शेजारी खाऊ देऊ नये. स्पर्धेत दोघेही न चावता गिळतात.

• तोंडातील वस्तू हिसकावू नये. हिसकावताच पिल्लू ती घाईने गिळते. त्याऐवजी अधिक आवडता खाऊ दाखवून ‘सोड’ ही आज्ञा शिकवावी.

• मुलांनी चॉकलेट, मनुका, तसेच झायलिटॉल असलेले बिनसाखरेचे गोड पदार्थ पिल्लास देऊ नयेत.

• कोष काढणीच्या दिवशी पिल्लू बांधून ठेवावे. डागी व पोचट कोष, चंद्रिकेवरील रेशमाचा गुंता व धागे झाकणाच्या डब्यात गोळा करावेत.

• ब्लीचिंग पावडर, चुना, निर्जंतुक भुकटी आणि उझी माशीच्या सापळ्याच्या गोळ्या उंच, कुलूपबंद कपाटात ठेवाव्यात. सापळ्याचे पाणी पिल्लाच्या तोंडी लागणार नाही, अशा उंचीवर ठेवावे.

• विषारी आमिष कालवलेले घमेले शेतावर उघडे सोडू नये. उरलेले आमिष खोल पुरावे व भांडे घरी परत वापरू नये.

रेशीम उत्पादक अळीच्या प्रत्येक अवस्थेचे बारकाईने निरीक्षण करतो. कात टाकणे, पाला खाणे, कोषावर चढणे यांतील तासांचा हिशेब तो ठेवतो. हीच सवय अंगणातील पिल्लाच्याही कामी येते. खाऊ गिळला गेल्यावर आधी श्वास, मग घसा, मग गिळलेली वस्तू, या क्रमाने पाहणारा पशुपालक बिस्किटासाठी विनाकारण धावपळ करत नाही आणि धाग्यासाठी किंवा आमिषासाठी एक तासही वाया घालवत नाही.